चाचणीतला ‘आज’

२०२२ सालच्या एक एप्रिलची सकाळ. आदल्या संध्याकाळी सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. रात्रीतून कोडची एक ओळही कोणी बदलली नव्हती. तरी सकाळी नऊ वाजता त्यातली एक टेस्ट लाल झालेली.

काम एका पतसंस्थेच्या ठेवींच्या हिशेबाचं होतं. जी टेस्ट पडली तिच्यामागचं फंक्शन अगदी लहान: आजची तारीख बघायची आणि चालू आर्थिक वर्ष सांगायचं. महिना एप्रिल किंवा त्यापुढचा असेल तर हे साल आणि पुढचं साल, नाहीतर मागचं साल आणि हे साल. टेस्ट मी फेब्रुवारीत लिहिली होती. फंक्शन चालवायचं आणि उत्तर ‘२०२१-२२’ आलं का ते बघायचं. फेब्रुवारीत ते आलं, मार्चभर येत राहिलं, आणि एक एप्रिलला फंक्शननं ‘२०२२-२३’ असं उत्तर दिलं. फंक्शन बरोबर होतं. टेस्ट चुकीची होती.

टेस्टमधलं साल बदलून मोकळं होता आलं असतं, पण मग पुढच्या एक एप्रिलला ती पुन्हा पडली असती. मला जास्त खटकली ती दुसरीच गोष्ट. टेस्ट हिरवी दिसत होती तेव्हाही ती अर्धंच काम करत होती. ‘एप्रिल लागला की वर्ष बदलतं’ हाच त्या फंक्शनचा गाभा, आणि तो दोन महिन्यांत एकदाही तपासला गेला नव्हता. तो तपासायचा तर एकतीस मार्च आणि एक एप्रिल हे दोन्ही दिवस टेस्टच्या हातात हवेत, भिंतीवरच्या कॅलेंडरचं कोणतंही पान उघडं असो. ते दिवस हातात कसे आणायचे, ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

फंक्शनच्या कंसात आपण जे देतो ते त्याचं उघड इनपुट. आर्थिक_वर्ष() च्या कंसात काहीच नाही. कंस रिकामा असलेलं फंक्शन दर वेळी एकच उत्तर देईल अशी आपली सहज समजूत होते. पण आतली पहिलीच ओळ बघा:

आज = डेट.टुडे()

(कोडच्या ओळी आपण एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवतो तशा इथे लिहितो आहे. ‘आज’ आणि ‘आर्थिक_वर्ष’ ही नावं मात्र खऱ्या कोडमध्येही देवनागरीतच लिहिता येतात. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून तशी मुभा आहे.)

या ओळीत फंक्शन मशीनच्या घड्याळाला तारीख विचारतं. म्हणजे इनपुट आहेच, फक्त ते मागच्या दारानं येतं. पुढच्या दारावर उभं राहून आत काय चाललंय ते तपासणाऱ्या टेस्टला त्याचा पत्ताच लागत नाही. तारखेच्या टेस्टमधल्या बहुतेक सगळ्या अडचणी या मागच्या दारापाशी सुरू होतात.

पतसंस्थेच्या काउंटरवर तारखेचा रबरी शिक्का असतो. दिवस, महिना आणि सालाच्या पट्ट्या चाकांवर बसवलेल्या. सकाळी काउंटर उघडताना कारकून दिवसाची पट्टी बोटानं एक घर पुढे सरकवतो, रद्दी कागदावर एकदा उठवून बघतो, आणि मग दिवसभर प्रत्येक पावतीवर तीच तारीख पडते. नव्या माणसाला वर्षअखेरीची पावती कशी करतात ते जुलैमध्ये शिकवायचं असेल, तर शिक्का फिरवून एकतीस मार्चवर आणायचा, कोऱ्या कागदावर उठवायचा, आणि शिकवणं झालं की पट्ट्या आठवणीनं परत जागेवर. टेस्टमध्ये तारीख मॉक करणं म्हणजे एवढंच. मशीनचं घड्याळ आपण हलवत नाही. फंक्शन ज्या शिक्क्याकडे बघतं तो शिक्का तेवढ्यापुरता फिरवतो. पण काउंटर पाच असतील तर शिक्केही पाच असतात, आणि फिरवायचा तो नेमका कोणता, इथे बहुतेक जण अडकतात. मीही बराच वेळ अडकलो होतो.

पायथनमध्ये या कामासाठी ‘युनिटटेस्ट.मॉक’ हे मॉड्यूल आहे. मायकेल फूर्ड यांनी लिहिलेली मॉक लायब्ररी आधी वेगळी मिळायची. २०१२ साली, पायथन ३.३ पासून, ती पायथनबरोबरच येऊ लागली. तिच्यातलं ‘पॅच’ हे साधन एखाद्या नावाच्या जागी तात्पुरती दुसरी वस्तू ठेवतं आणि काम झालं की मूळ वस्तू परत आणतं. मधेच टेस्ट पडली तरी ते परत आणायला विसरत नाही. शिक्का जागेवर ठेवायची आठवण आपल्याला ठेवावी लागत नाही, हा त्याचा मोठा आधार.

पहिला प्रयत्न जवळजवळ प्रत्येक जण असा करतो:

पॅच("डेटटाइम.डेट.टुडे")

डेटटाइम मॉड्यूल, त्यातला डेट क्लास, त्यातली टुडे मेथड, तिच्या जागी आपली मेथड. वाचायला सरळ वाटतं. पण चालवलं की ‘टाइपएरर’ येतो, आणि त्याचा अर्थ असा की या अंगभूत क्लासचा टुडे हा गुणधर्म बदलता येत नाही. आपण नेहमी वापरतो त्या पायथनमध्ये डेट हा क्लास पायथनमध्ये लिहिलेला नाही, सी भाषेत लिहिलेला आहे. अशा क्लासच्या मेथड बाहेरून बदलायला पायथन परवानगी देत नाही. पूर्ण प्रोग्रॅममध्ये, त्यातल्या प्रत्येक लायब्ररीत, हा एकच डेट क्लास वापरला जातो. कोणीही आत हात घालून टुडे बदलू शकला असता तर कोणाच्याच तारखेवर भरवसा ठेवता आला नसता. मला हे बंधन योग्यच वाटतं. शिक्का घडवणाऱ्या कारखान्यात जाऊन साचा बदलायचा नाही, काउंटरवरचा शिक्का बदलायचा.

तो काउंटर कुठे आहे? आपलं फंक्शन ‘हिशेब’ नावाच्या मॉड्यूलमध्ये आहे असं धरू. त्या फाइलच्या डोक्यावर ही ओळ आहे:

फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट

ही ओळ नेमकं काय करते ते जरा थांबून बघायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे. पायथन डेटटाइम मॉड्यूल उघडतो, त्यातला डेट क्लास शोधतो, आणि हिशेब मॉड्यूलच्या आत ‘डेट’ अशी एक चिठ्ठी तयार करून ती त्या क्लासला चिकटवतो. यानंतर हिशेबमधलं कोणतंही फंक्शन ‘डेट’ म्हणालं की पायथन हिशेबमधली ही चिठ्ठी बघतो. तो पुन्हा डेटटाइम मॉड्यूलकडे चौकशी करायला जात नाही. क्लास एकच, पण चिठ्ठ्या दोन: एक डेटटाइमच्या घरात, दुसरी हिशेबच्या घरात.

आता एखाद्यानं पॅच("डेटटाइम.डेट") असं केलं, तर डेटटाइमच्या घरातली चिठ्ठी बदलते. टाइपएरर येत नाही, कारण क्लासच्या आत कोणी हात घातलेला नाही, फक्त मॉड्यूलमधलं नाव दुसरीकडे वळवलं आहे. पण हिशेबमधली चिठ्ठी जुन्याच क्लासला चिकटलेली राहते आणि फंक्शन खरी तारीख सांगत राहतं. मुख्य कचेरीतला शिक्का फिरवला आणि तीन नंबरच्या काउंटरवर जुनीच तारीख उठत राहिली, असा हा प्रकार. यात कुठलाच एरर येत नाही, म्हणून माणूस तासभर गोंधळून बसतो.

फिरवायचा तो हिशेबच्या काउंटरवरचा शिक्का:

विथ पॅच("हिशेब.डेट") ॲज नकली:
    नकली.टुडे.रिटर्न_व्हॅल्यू = डेट(२०२२, ३, ३१)
    असर्ट आर्थिक_वर्ष() == "२०२१-२२"

नाव जिथे तयार झालं तिथे पॅच लावायचा नाही, जिथे ते शोधलं जातं तिथे लावायचा. फाइलच्या डोक्यावर ‘फ्रॉम’ न वापरता नुसतं ‘इम्पोर्ट डेटटाइम’ लिहिलं असेल, आणि फंक्शनमध्ये डेटटाइम.डेट.टुडे() असं पूर्ण नाव असेल, तर शोध वेगळ्या वाटेनं जातो. तेव्हा दर वेळी डेटटाइमच्या घरात जाऊनच विचारलं जातं, आणि मग पॅच("डेटटाइम.डेट") चालतो. म्हणून पॅच लिहिण्याआधी मी नेहमी फाइल उघडून वरची इम्पोर्टची ओळ वाचतो. ती बघितल्याशिवाय पत्ता ठरवता येत नाही.

इथवर आलं की टेस्ट हिरवी होते आणि बरेच जण इथेच थांबतात. पण नकली वस्तू कशी आहे तेही बघायला हवं. पॅचनं ‘डेट’च्या जागी ठेवलेली वस्तू म्हणजे ‘मॅजिकमॉक’. तिचा स्वभाव असा की तिला काहीही विचारा, ती नाही म्हणत नाही. टुडेचं उत्तर आपण ठरवून दिलं, ते ती देते. जे ठरवून दिलं नाही, त्याच्या जागी ती आणखी एक मॉक देते. उद्या हिशेबमध्ये कोणी डेट(२०२२, ४, १) लिहून वर्षाची पहिली तारीख बनवली, तर तिथे तारीख मिळत नाही, मॉक मिळतो. तो खऱ्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, अशी तुलना केली तर निदान टाइपएरर येतो. पण तोच मॉक पावतीच्या मजकुरात घातला तर सगळं मुकाट्यानं पार पडतं, आणि तारखेच्या जागी मॅजिकमॉकचं कोनी कंसातलं लांबलचक नाव छापलं जातं. टेस्ट मजकूर नीट तपासत नसेल तर ती हिरवीच राहते. मॉकच्या या होकाराची मला नेहमी धास्ती वाटते.

यावर पायथनच्या स्वतःच्या दस्तऐवजातच एक उपाय दिलेला आहे. नकली वस्तूच्या ‘साइड_इफेक्ट’ला खरा डेट क्लास जोडून द्यायचा. मग टुडे विचारलं की आपण ठरवलेला दिवस मिळतो आणि डेट(२०२२, ४, १) म्हटलं की खरी तारीख बनते. बरंच काम भागतं. तरी एक जागा उरते. फंक्शनमध्ये ‘ही वस्तू तारीख आहे का’ असं इझइन्स्टन्सनं विचारलं असेल, तर पायथनला तिथे खरा क्लास हवा असतो. मॉक हा क्लास नाही, आणि पुन्हा टाइपएरर.

म्हणून त्यापुढची पायरी म्हणजे आपलाच एक छोटा क्लास. खऱ्या डेटचा वारस, सगळं त्याच्यासारखंच, फक्त टुडे आपलं:

क्लास थांबलेला_दिवस(डेट):
    @क्लासमेथड
    डेफ टुडे(सीएलएस):
        रिटर्न सीएलएस(२०२२, ३, ३१)

हा वारस पॅचला दिला की तारखा बनवणं, वजाबाकी, तुलना सगळं खरं चालतं. मॉकपेक्षा मला हा मार्ग केव्हाही आवडतो, कारण यात खोटी गोष्ट एकच आहे आणि ती डोळ्यांसमोर आहे. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. वारसाची तारीख ही खऱ्या डेटची तारीख मानली जाते, पण उलट होत नाही. डेटाबेसमधून आलेली खरी तारीख हिशेबमध्ये आली आणि तिथे इझइन्स्टन्सनं तिला ‘तू डेट आहेस का’ असं विचारलं, तर त्या घरात ‘डेट’ म्हणजे आता आपला वारस, आणि उत्तर ‘नाही’ येतं.

हे सगळे खाचखळगे आधी कोणीतरी बुजवले आहेत. स्टीव्ह पुलेक यांची ‘फ्रीझगन’ ही लायब्ररी त्यासाठीच आहे. टेस्टच्या डोक्यावर @फ्रीझ_टाइम("२०२२-०३-३१") अशी एक ओळ लिहायची. फ्रीझगन त्या क्षणी लोड झालेली सगळी मॉड्यूलं एकेक करून धुंडाळते, कोणाकोणाच्या घरात डेट, डेटटाइम किंवा घड्याळाच्या फंक्शनच्या चिठ्ठ्या आहेत ते बघते आणि त्या सगळ्या नकली वस्तूंकडे वळवते. म्हणजे सगळ्या काउंटरांवर फिरून सगळे शिक्के एकाच तारखेवर आणणारा माणूस. इझइन्स्टन्सचा वरचा घोळही तिनं सोडवला आहे. मोठ्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक टेस्टच्या आधी हजारो नावं धुंडाळायला वेळ लागतो, ही तिची किंमत. ॲडम जॉन्सन यांची ‘टाइम-मशीन’ दुसरी वाट धरते. ती चिठ्ठ्यांना हात लावत नाही, सी भाषेच्या पातळीवर मूळ फंक्शनच वळवते. म्हणजे मघाशी जो कारखाना आपल्याला बंद होता, त्याच्या आत ती वेगळ्या दारानं जाते. त्यामुळे ती वेगवान आहे. फ्रीझगनमध्ये वेळ गोठतो, तर टाइम-मशीनमध्ये तो नेमलेल्या क्षणापासून पुढे चालू लागतो. गोठवायचा असेल तर ‘टिक’ बंद करावं लागतं.

या दोन्ही लायब्ररींचा हात पोहोचतो तो आपल्या पायथन प्रोग्रॅमपुरता. एसक्यूएलमध्ये ‘करंट_डेट’ लिहून तारीख आणली असेल तर ती डेटाबेसच्या घड्याळाची असते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, त्याला आपल्या थांबवलेल्या दिवसाची खबर नसते. आमच्या कामात व्याजाची एक क्वेरी अशीच होती. टेस्टमध्ये पायथन एकतीस मार्चला उभा होता आणि डेटाबेस जूनमध्ये, आणि दोघांच्या तारखांची वजाबाकी करून दिवस मोजले जात होते. उपाय साधा निघाला: तारीख पायथनमधूनच क्वेरीला द्यायची. पण कारण सापडायला दुपार गेली.

त्या दुपारनंतरच माझं मत पक्कं झालं, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. स्वतःच्या कोडमध्ये तारीख मॉक करावी लागू नये. तारीख पुढच्या दारानं यावी:

डेफ आर्थिक_वर्ष(आज):

बस. आता टेस्टमध्ये पॅच नाही, वारस नाही, फ्रीझगन नाही. आर्थिक_वर्ष(डेट(२०२२, ३, ३१)) म्हणजे ‘२०२१-२२’, आर्थिक_वर्ष(डेट(२०२२, ४, १)) म्हणजे ‘२०२२-२३’. वाचणाऱ्याला नियम टेस्टमध्येच दिसतो. घड्याळाकडे बघण्याचं काम प्रोग्रॅमच्या अगदी कडेला, एकाच ठिकाणी ठेवायचं आणि तिथून ‘आज’ आत पाठवत राहायचं. पतसंस्थेच्या कामात याचा आणखी एक फायदा झाला. ऑडिटरनं मागच्या वर्षीच्या एखाद्या तारखेला किती येणं होतं असं विचारलं, की तेच फंक्शन ती तारीख देऊन चालवता आलं. टेस्टसाठी केलेला बदल रोजच्या कामाला उपयोगी पडला.

हे करताना एक चूक फार सहज होते. प्रत्येक ठिकाणी तारीख द्यायचा कंटाळा येतो म्हणून कोणी असं लिहितं:

डेफ आर्थिक_वर्ष(आज=डेट.टुडे()):

पायथनमध्ये ही डिफॉल्ट किंमत फंक्शन चालताना काढली जात नाही. फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना, एकदाच काढली जाते. सर्व्हर सव्वीस मार्चला सुरू केला आणि पंधरा दिवस बंदच केला नाही, तर पंधरा दिवस त्याच्यासाठी सव्वीस मार्चच असतो. टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण टेस्ट दर वेळी नव्यानं सुरू होते. पॅच लावूनही उपयोग नाही, तो लागेपर्यंत तारीख आधीच गोठलेली असते. डिफॉल्ट हवंच असेल तर ‘नन’ ठेवावं, आणि आत ‘आज’ नन असेल तर टुडे विचारावं.

जुना, दुसऱ्याचा, हात लावायला नको असा कोड असेल तिथे मी फ्रीझगन बिनदिक्कत वापरतो. कडेची ती एक जागा, जिथे घड्याळाकडे बघितलं जातं, तिच्यासाठीही ती लागतेच. आणि त्या कडेवर आपल्या देशात काम करणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी एक गोष्ट आहे: साडेपाच तास.

डेट.टुडे() ज्या मशीनवर चालतं त्या मशीनच्या स्थानिक वेळेप्रमाणे तारीख सांगतं. माझ्या लॅपटॉपवर ती भारतीय वेळ. भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा वाजल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरसाठी अजून कालच असतो. पतसंस्थेचं व्याज लावायचं काम रात्री एक वाजता चालायचं, काउंटर बंद असताना. एक एप्रिलच्या रात्री एक वाजता सर्व्हरवर एकतीस मार्चची संध्याकाळ असते, साडेसात वाजलेले. टुडे म्हणणार एकतीस मार्च, आणि नव्या वर्षाची पहिली नोंद जुन्या वर्षात जाणार. दिवसा बसून लॅपटॉपवर कितीही टेस्ट चालवा, ही चूक दिसणार नाही.

कोडमधला उपाय म्हणजे कोणत्या गावची तारीख हवी ते स्पष्ट विचारणं. पायथन ३.९ पासून त्यासाठी ‘झोनइन्फो’ आहे. डेटटाइम.नाउ(झोनइन्फो("एशिया/कोलकाता")).डेट() म्हटलं की मशीन कुठेही असो, तारीख आपली. जुन्या कोडमध्ये भेटणारं ‘यूटीसीनाउ’ पायथन ३.१२ पासून सोडून द्यायला सांगितलेलं आहे. ते यूटीसीची वेळ देतं, पण ती यूटीसीची आहे अशी खूण तिच्यावर लावत नाही.

याची टेस्ट लिहिताना साधा मॉक दगा देतो. ‘नाउ’ची रिटर्न_व्हॅल्यू आपण एक एप्रिल, रात्रीचा एक अशी ठरवून दिली, तर कोडनं भारतीय वेळ मागितली काय, यूटीसी मागितली काय, किंवा काहीच मागितलं नाही काय, मॉक एकच उत्तर देणार. चूक असलेला आणि नसलेला, दोन्ही कोड पास. टेस्टला जे पकडायचं होतं तेच मॉकनं झाकलं. इथे प्रश्न ऐकून उत्तर देणारी नकली वस्तू लागते. फ्रीझगन ते करते: तिला यूटीसीतला एक क्षण द्यायचा, आणि मग जो ज्या गावची वेळ मागेल त्याला त्या गावची मिळते. आमच्या दोन टेस्ट अशा झाल्या. एकीत क्षण एकतीस मार्च, यूटीसी १८ वाजून २९ मिनिटं, उत्तर जुनं वर्ष. दुसरीत १८ वाजून ३० मिनिटं, उत्तर नवं वर्ष. सर्व्हरच्या साडेसहाच्या संध्याकाळी आपल्याकडे एप्रिल उजाडतो, हे त्या एका मिनिटात मांडलं गेलं.

तारीख एकदा हातात आली की कोणते दिवस तपासायचे हा विचार सुरू होतो. यात एका मोठ्या कंपनीचे दोन अनुभव मला नेहमी आठवतात. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे तीस जीबीचे झ्यून म्युझिक प्लेयर एकाच दिवशी बंद पडले. दिवसांवरून साल काढणाऱ्या कोडमध्ये लीप वर्षाचा ३६६ वा दिवस आला की लूपमधून बाहेर पडायची वाटच नव्हती. दुसऱ्या दिवशी तारीख बदलली आणि ते पुन्हा चालू करता आले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच कंपनीची अझूर ही क्लाउड सेवा कोलमडली. तिथे एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र बनवताना शेवटची तारीख काढायला सालात फक्त एक मिळवला जायचा. २९ फेब्रुवारी २०१३ अशी तारीख तयार झाली, जी कॅलेंडरात नाही. प्रमाणपत्र बनेना, आणि त्यावर अवलंबून असलेली यंत्रणा हार्डवेअर बिघडलं असं समजून मशीनं बाजूला काढू लागली. टेस्टमध्ये ‘आज’ एकोणतीस फेब्रुवारीवर नेऊन ठेवला असता, तर ती मुदत काढणारी ओळ कोणत्याही महिन्यात पडलेली दिसली असती.

मुदत ठेवींच्या फाइलमध्ये आमच्याकडेही नेमकी तशीच ओळ होती: सुरुवातीची तारीख घ्यायची आणि ‘रिप्लेस’नं साल एकानं वाढवायचं. मी टेस्टला डेट(२०२४, २, २९) दिली. तो दिवस यायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. ‘व्हॅल्यूएरर’ आला: दिवस महिन्याच्या बाहेरचा आहे. ओळ दुरुस्त करायला बसलो आणि लक्षात आलं की काय दुरुस्त करायचं तेच मला माहीत नाही. एकोणतीस फेब्रुवारीला एका वर्षासाठी ठेवलेल्या ठेवीची मुदत अठ्ठावीस फेब्रुवारीला संपते की एक मार्चला? एका दिवसाच्या व्याजाचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पायथनच्या कुठल्याच दस्तऐवजात नव्हतं.

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, “थांबा, मागच्या लीप वर्षाच्या पावत्या काढून बघतो.” संध्याकाळी त्यांचा फोन आला. २०२० सालच्या तीन पावत्या सापडल्या होत्या, हातानं लिहिलेल्या, आणि तिन्हींवर मुदतपूर्ती अठ्ठावीस फेब्रुवारी. त्याच रात्री टेस्ट लिहिली. नाव दिलं ‘एकोणतीस_फेब्रुवारीची_ठेव_अठ्ठावीसला_संपते’, देवनागरीतच. आधी फक्त रोमन लिपीतलं ‘टेस्ट’ जोडावं लागलं, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला ती सापडते. २९ फेब्रुवारी २०२४ ला गुरुवार होता, त्या दिवशी काउंटरवर दोन ठेवी आल्या आणि दोन्ही पावत्यांवर मुदतपूर्तीची तारीख २८ फेब्रुवारी २०२५ छापली गेली.